हिरव्या फांदीचा नंबर

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहून ठेवावं असं माझ्या हातून काही घडलेलंही नाही. पुस्तकात लिहिणारी माणसं वेगळी असतात असं मला अजूनही वाटतं. शिवाय ही गोष्ट एका आकाशपाळण्याच्या रांगेतली आहे. रांग सगळ्यांनाच माहीत असते, त्यात मी नवीन काय सांगणार. तरी लिहितो, कारण त्या दिवशी मी जे केलं ते निदान एका माणसाला खरं सांगायला हवं होतं आणि माझ्याकडून ते झालं नाही. लिहिताना समोरच्याचे डोळे दिसत नाहीत, एवढाच आधार.

मी गडचिरोलीकडचा. एसटी जिथे वळून परत फिरते तिथून अर्धा तास चालत गेलं की आमचं गाव. बारावीनंतर चंद्रपूरला आलो, वसतिगृहात जागा मिळाली. पहिले सहा महिने मी वर्गात जवळजवळ बोललोच नाही. बोललो की मागच्या बाकावरून कोणीतरी माझंच वाक्य पुन्हा म्हणायचं, ‘मले’ आणि ‘तुले’वर जरा जोर देऊन. ती मुलं वाईट नव्हती. त्यांच्या घरीही आजी-आजोबा तसंच बोलत असतील. पण मी ‘मला’, ‘तुला’ शिकून घेतलं, आणि शिकून घेतल्यावर लक्षात आलं की बोलायचं कोणाशी हा प्रश्न तसाच आहे. मेसमध्ये एका टेबलावरून टीव्ही दिसत नाही, म्हणून तिथे कोणी बसत नाही. मी तिथे बसायचो. एकटं जेवतोय असं तिथे कोणाच्या ध्यानात येत नसे.

जानेवारीत माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार म्हणाला की रविवारी आम्ही पार्कला चाललोय, येतोस का. तो बल्लारपूरचा, रोज रेल्वेने ये-जा करणारा. ग्रुपच्या पासला सहा जण लागत होते आणि त्यांचा सहावा आजारी पडला होता. हे त्याने लपवलं नाही. तरी मी लगेच हो म्हटलं, आणि शनिवारी दुपारीच शर्टाला इस्त्री करून ठेवली.

पार्क शहराबाहेर, मूल गावच्या बाजूला आहे. घसरगुंड्या, लाटांचा हौद, आणि सगळ्यांच्या वर दिसणारा तो मोठा पाळणा. गर्दी म्हणजे मला जत्रेची गर्दी माहीत. जत्रेत धक्का लागतो, पायावर पाय पडतो, आणि ज्याचा पाय पडला तोच विचारतो, कोणत्या गावचे जी. इथे तसं नव्हतं. इथे लोक एकमेकांना धक्का लागू देत नाहीत आणि तरीही पुढे जातात. ‘एक मिनिट हं भाऊ’ म्हणून एकजण बाजूने सरकतो आणि त्याच्या मागून अख्खं कुटुंब. विचारलं तर, आमचा माणूस पुढे आहे. तो पुढचा माणूस मान वळवून हात वर करतो, म्हणजे ते खरंच असतं. हौदाशेजारच्या खुर्च्यांवर टॉवेल पसरलेले होते. माणसं दोन-दोन तास पाण्यात, पण त्या टॉवेलला कोणी हात लावत नव्हतं. घसरगुंडीच्या रबरी ट्यूबसाठी मात्र ओढाओढ. ट्यूब हातात घेऊन जो उभा राहील त्याची. पण त्याने ती क्षणभर खाली ठेवली की संपलं. मी बराच वेळ हे नियम बघत उभा होतो. ते कुठे लिहिलेले नव्हते, आणि माझ्याशिवाय सगळ्यांना पाठ होते. एका बाईंनी त्यांच्या मुलाला माझ्याकडे आणून सॉरी म्हणायला लावलं, कारण त्याने माझ्यावर पाणी उडवलं होतं. त्या सकाळी माझ्याशी आपणहून बोललेला तो एकटाच. पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे लागतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी काठावरच होतो.

अकराच्या सुमारास आम्ही पाळण्याच्या रांगेत लागलो. लोखंडी पाइपांच्या कठड्यातून ती रांग वळत जाते. आमच्या पुढे सात-आठ बायका होत्या, त्यांच्या पुढे एक नागपुरी वाटणारं कुटुंब. बायकांकडे बघताच मी ओळखलं. कपाळावर आणि हातांवर गोंदण, डाव्या बाजूला बांधलेला अंबाडा. त्यांचं बोलणं कानावर पडलं, ते आमच्याकडचंच होतं. त्या बचत गटाच्या होत्या. चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, प्रदर्शनात माल विकायला आल्या होत्या आणि गाडीवाल्याला विनवून परतीच्या वाटेवर इथे उतरल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई, माझ्या मायपेक्षा थोडी मोठी असेल, बाकीच्यांना सांगत होती की नवऱ्याला दवाखान्यात नेता-आणताना हा पाळणा बसच्या खिडकीतून दिसे, तेव्हापासून एकदा वर जाऊन बघायचं मनात आहे. दुसरी म्हणाली, वर गेल्यावर खाली पाहू नको, नाहीतर आम्हालाच दवाखान्यात न्यावं लागेल. सगळ्या हसल्या. मग बुधवारच्या बाजाराचं निघालं, कोणी किती चिंच आणली वगैरे. तो बाजार आमचा. माझी माय दर बुधवारी तिथे जाते. बोलण्यावरून या बायका नाल्यापलीकडच्या कुठल्यातरी गावच्या होत्या.

‘कोणत्या गावच्या जी’ एवढंच म्हणायचं होतं. सहा महिने हे तीन शब्द कोणाला तरी म्हणावे असं वाटत होतं. पण माझ्या मागे वर्गातली पाच मुलं उभी होती.

आमचा नंबर यायच्या थोडं आधी पाळणा थांबला. शिट्टीवाल्या माणसाने सांगितलं की तपासणी आहे, तासाभराने सुरू होईल. रांग मोडली, पण जागा कोणी सोडली नाही. लोकांनी जिथे उभे होते तिथे बॅगा ठेवल्या, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, कोणी ओढणी पाइपाला बांधली, कोणी एकेक माणूस ठेवला. पुढच्या कुटुंबाने मोठी निळी बाटली ठेवली. आमच्यातल्या एकाने काळी बॅग ठेवली आणि बल्लारपूरचा मला म्हणाला, “तू बस बे इथेच, तुला तसंही पाण्यात जायचं नाही.” मी बॅगेजवळ बसलो.

बायकांजवळ ठेवायला काही नव्हतं. त्यांच्या पिशव्या गाडीत होत्या. त्या आपसात बोलल्या, मग ती वयस्क बाई कठड्याबाहेर गेली, करंजाची एक हिरवी फांदी तोडून आणली, निळ्या बाटलीच्या मागे आणि आमच्या बॅगेच्या पुढे जमिनीवर ठेवली आणि वर एक दगड ठेवला. मग सगळ्या निवांत झाडाखाली भाकरी खायला गेल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जंगलात कोणी सरपण तोडलं, बांबू तोडला, मोहाची फुलं गोळा करून ढीग केला आणि एका खेपेत नेता आला नाही, तर त्यावर हिरवी फांदी ठेवून दगड ठेवतात. मग ते त्या माणसाचं. पाला हिरवा आहे तोवर त्याला कोणी हात लावत नाही, लहान मूलसुद्धा नाही. मी चालायला लागलो तेव्हापासून हे मला माहीत आहे. आणि जो दुसऱ्याची फांदी हलवतो त्याला कोणी मारत नाही, दंडही करत नाही. फक्त त्याच्या घरच्यांबरोबर जंगलात जोडीनं कोणी जात नाही. मी लहान असताना आमच्या गावात एकाने फांदी हलवली होती. त्या वर्षी त्याची बायको मोहाला एकटी गेली. तेव्हा वाघाची एवढी भीती नव्हती. आता आहे. आता पहाटे मोह वेचायला कोणीच एकटं जात नाही. आमच्या आसपासच्या गावांतली जंगलात गेलेली काही माणसं परत आलेली नाहीत. माय चार-पाच जणींबरोबर जाते म्हणूनच मी चांद्यात शांत झोपू शकतो.

तासाभराने पाळण्याचं इंजिन घरघरलं आणि लोक धावत आले. ज्याने-त्याने आपली बॅग उचलली, बाटली उचलली. कोणाचा कोणाशी वाद झाला नाही. माझ्यापुढे मात्र सात-आठ माणसांएवढी रिकामी जागा होती आणि तिच्या मधोमध फांदी. मागून एका माणसाने, कुटुंबासकट आलेल्या, दोनदा म्हटलं की भाऊ पुढे सरका. बल्लारपूरचा ओल्या केसांनी आला आणि म्हणाला, “अबे सरक ना, काय कचरा धरून बसला.”

मी म्हणू शकलो असतो की इथे बायका आहेत, येतीलच. एका वाक्याचं काम होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं की तुला कसं माहीत. मी सांगितलं असतं, आणि ते सोमवारी वर्गात पुन्हा म्हटलं गेलं असतं. मी एवढाच विचार केला. दगड पायाने बाजूला केला, फांदी उचलली आणि कठड्याबाहेर टाकली. पाला अगदी टवटवीत होता. मग आम्ही सगळे पुढे सरकलो.

बायका पाचेक मिनिटांत आल्या. घाई नव्हतीच त्यांना. निळ्या बाटलीवालं कुटुंब बघून त्यांनी जागा ओळखली आणि थांबल्या.

“आमची फांदी इथी होती,” वयस्क बाई म्हणाली. “बाटलीच्या मांगं अन् ह्या काळ्या थैल्याच्या समोर.”

आमच्यातला एकजण म्हणाला, “मावशी, इथे झाडांचा नंबर लागत नाही.” बाकीचे हसले. मीही तोंड हसरं केलं असेल.

मागचा कुटुंबवाला माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला की बाई, कचरा ठेवून कुठे नंबर लागतो का.

“अन् बाटली ठेवून लागते जी?” त्यांच्यातली एक तरुण बाई म्हणाली.

यावर रांगेतले दोघं-तिघं त्या माणसाकडे बघून हसले. तो दुसरीकडे बघायला लागला. वयस्क बाईने मात्र ते पुढे नेलं नाही. तिने खाली वाकून दगड पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“बाबू, तू त इथीच बसून होता. तुले दिसली असंन.”

माझा चेहरा मायसारखा आहे. बाजारात मला कधी न पाहिलेली माणसंही विचारतात, तू अमकीचा का. ती बाई माझ्याकडे बघत राहिली तेव्हा मला वाटलं, आता ती तेच म्हणेल.

“नाही मावशी,” मी म्हणालो. “मी नाही बघितली.”

“बरं,” ती म्हणाली. आणि बाकीच्यांना, “चाल वो बाई, मांगं लागू.”

एवढंच. त्या सगळ्या कठड्याची वळणं उलटी चालत मागे गेल्या. लोकांनी त्यांना वाट दिली, अगदी नीट, अंग चोरून. सरका हो, जाऊ द्या त्यांना, असं कोणीतरी म्हणालंही. मागे जाणाऱ्याला सगळेच वाट देतात.

आमचा नंबर आला. मला दोन मुलांच्या समोर बसवलं, वजन सारखं राहावं म्हणून. पाळणा वर गेला तशी ती दोघं मोबाइल धरून ओरडायला लागली. खाली रांग दिसत होती आणि तिच्या शेवटी रंगीत लुगड्यांचा घोळका. दुसऱ्या फेरीला त्या थोड्या पुढे आल्या होत्या. तिसऱ्या फेरीला मला गाडीवाला दिसला. तो फाटकाजवळ उभा राहून हात हलवत होता. ऊन उतरायच्या आत त्याला जंगलाचा रस्ता पार करायचा असणार, तिकडच्या सगळ्याच गाडीवाल्यांना असतं. चौथ्या फेरीला घोळका रांगेतून बाहेर पडला होता. वयस्क बाई सगळ्यांच्या मागे होती. ती एकदा थांबून वर बघत होती. पाळण्याकडे बघत असेल, पाळण्यात बसलेल्या कोणाकडे नव्हे. इतक्या उंचावरचा चेहरा कोणाला दिसतो.

पाळणा किती वेळ चालला ते मला आठवत नाही. वरून जंगल दिसतं, पण आमच्या बाजूचं नव्हे. आमची बाजू फार लांब आहे. उतरल्यावर मी काहीतरी विसरलंय असं सांगून फाटकापर्यंत पळत गेलो. गाडी गेली होती. परत येताना कठड्याजवळून आलो तर फांदी तिथेच पडलेली. अजून हिरवी. मुलांनी मला गाठलं आणि एकाने माझ्या खांद्यावर हात टाकला. त्यानंतर त्यांच्यातली वसतिगृहातली मुलं मला मेसमध्ये हाक मारायला लागली, टीव्हीसमोरच्या टेबलावरून. मी तिथे जाऊन बसतो. जे मिळवायला मी ते केलं ते मला मिळालं, हे नाकारत नाही. फक्त जेवताना मला कोणी काही विचारलं की मी आधी ताटाकडे बघतो.

तेव्हापासून मी बातमीची वाट बघत होतो. बुधवारच्या बाजारात काहीच लपून राहत नाही. त्या बायका सांगणार, कोणीतरी विचारणार की पोट्टा दिसायला कसा होता, आणि कोणीतरी म्हणणार की चांद्याला तर अमकीचा पोरगा शिकतो. मग मोहाच्या दिवसांत मायच्या दारावरून बायका जातील आणि तिला हाक मारणार नाहीत. ती भांडणार नाही. ती टोपली घेऊन एकटी निघेल, मला माहीत आहे.

माय तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन फोन करते, कारण रेंज तिथेच लागते. दर गुरुवारी मी फोन उचलताना पहिल्या शब्दावरून अंदाज घ्यायचो. ती बकरीचं सांगायची, छपराचं सांगायची, माझ्या खोकल्याचं विचारायची. बाजारात कोण भेटलं, असं मी आडून विचारायचो. ती म्हणायची, भेटते सारेच. दोनदा मी सांगायला तोंड उघडलं. एकदा रेंज गेली. दुसऱ्यांदा रेंज होती. होळीला सगळी मुलं घरी गेली. मी परीक्षा जवळ आहे असं कळवून वसतिगृहात थांबलो. अख्ख्या मजल्यावर मी आणि वॉचमन. मेस बंद होती. मी केळी आणि टोस्ट खाल्ले, आणि ‘मी नाही बघितली’ हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलं, तरी त्याचा अर्थ गेला नाही, तो तसाच राहिला.

मोह गळायला लागल्यावर, मार्चच्या शेवटी, मायचा फोन गुरुवारी आला नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी दुपारी मी लायब्ररीत होतो तेव्हा आला. मी बाहेर जिन्यावर जाऊन उचलला आणि पहिल्यांदा विचारलं की मोहाला कोणाबरोबर जातेस.

ती म्हणाली की आमी पाच जणी जाऊन राह्यलो, कायले विचारतं, अन् आता त नाल्यापलीकडच्या बायाही संगं येते. फोन झाला नाही कारण वेचता वेचता दिवस कुठी जाते समजत नाई. मी जिन्यावर बसलो. ती पुढे सांगत होती आणि सांगताना हसत होती. त्या पलीकडच्या बाया मागं चांद्याला गेल्त्या न, त्यायनं मोठ्या पाळण्याच्या लाइनीत फांदी ठेवली अन् जेवाले गेल्या, अन् येऊन पाहाते त फांदी गायब. बाजारात ती बाई हे सांगे अन् सारा बाजार हासे. फांदीच्या अगदी बाजूले एक पोट्टा बसून होता म्हणे, अन् त्याले काई दिसलंच नाई.

मी विचारलं, त्या बाईला राग नाही आला का.

“मीबी तेच विचारलं,” माय म्हणाली. “त म्हणे, राग कायचा वो. गरीब पोट्टा होता, त्याले कोणं शिकवलं असंन. आपल्याकडचा असता त दिसली असती. मी म्हणलं, खरं आहे बाई.”